दोन्ही बाजूंचे ऋण

आपल्या समाजात पत्र काढणे अवघड नाही, पत्र चालवणे अवघड आहे. १४ एप्रिल जवळ आली की कोणा तरुणाच्या मनात येते, आपणही एखादे पाक्षिक काढावे. चार मित्र जमतात, नाव ठरते, ओळखीच्या दुकानदारांकडून शुभेच्छांच्या जाहिराती मिळतात. पहिला अंक झोकात निघतो. प्रकाशनाला हारतुरे होतात, भाषणे होतात. दुसरा अंक महिनाभर उशिरा येतो. तिसरा जोडअंक म्हणून येतो. चौथा येतच नाही. मग तोच तरुण म्हणतो, "आपल्या समाजाला वाचायची आवडच नाही." आणि समाज म्हणतो, "आजच्या पोरांत चिकाटीच नाही."

आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आहे. आमचा दिवस कचेरीत जमाखर्चाच्या नोंदी करण्यात जातो आणि संध्याकाळ समाजाच्या कामात. त्यामुळे असे भांडण कानावर आले की आधी खातेवही उघडावी असे आम्हाला वाटते. कोणाचे कोणाकडे काय येणे आहे ते एकदा कागदावर दिसले की निम्मे भांडण तिथेच मिटते. पत्र आणि वाचक यांचे खाते आज आपण असेच उघडून पाहू. उदाहरणासाठी लांब जायला नको. खुद्द बाबासाहेबांनी काढलेली पत्रे आपल्यापुढे आहेत.

'मूकनायक' हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. सरकारी नोकरी असल्यामुळे पत्रावर त्यांचे नाव नव्हते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव असे, पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी ते काम पाहिले. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. 'मूकनायक' निघत असल्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटले, तर 'केसरी'ने तीही नाकारली. म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात पैसे मोजूनही जागा नाही, अशी अवस्था होती. आपले पत्र का हवे, या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर कोणते?

पण पत्र हवे असणे वेगळे आणि ते वाचकाच्या मनात उतरणे वेगळे. बाबासाहेब कोलंबियात शिकून आले होते. मोठमोठ्या इंग्रजी ग्रंथांचा आधार देऊन ते लिहू शकले असते. त्यांनी मराठीत लिहिले, आणि पत्राच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग घेतला. का? ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांच्या कानावर भजनातून तुकोबा आधीच पोचले होते. पहिल्याच अंकात जातिव्यवस्था समजावून सांगताना त्यांनी एका मनोऱ्याचा दाखला दिला. मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मरायचे. वाचकहो, हा दाखला परळ-वरळीच्या चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला समजायला कितीसा वेळ लागला असेल? जिना म्हणजे काय, हे चाळीत राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. वाचकाच्या रोजच्या वाटेवर जाऊन त्याच्याशी बोलणे, ही पत्राच्या खात्यातली पहिली जमा होय.

१९२० च्या जुलै महिन्यात बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. मागे पत्राची ओढाताण झाली आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले. पैशाची मदत मिळाली होती, विषयाची निकड तर होतीच. तरी पत्र टिकले नाही. आम्हाला यातून एवढे दिसते की पत्राचा प्राण एकाच माणसात असला, तर तो माणूस दूर गेल्यावर पत्राचा श्वास अडतो.

दुसरे पत्र 'बहिष्कृत भारत'. त्याचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला. ही तारीख नीट पाहा. महाडची परिषद १९ आणि २० मार्चला झाली, चवदार तळ्याचे पाणी २० मार्चला घेतले गेले, आणि नंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर मारहाण झाली. म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत पत्र उभे राहिले. मार खाऊन आपापल्या गावी परतलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल? आपण केले ते बरोबर केले का? गावकऱ्यांनी विचारले तर काय सांगायचे? आता पुढे काय? या प्रश्नांची उत्तरे घेऊन 'बहिष्कृत भारत' त्याच्या दारात गेले. विरोधी पत्रांतल्या टीकेला त्यात उत्तरे असत, चळवळीची पुढची दिशा असे, आणि महाडच्या पुढच्या लढ्यासाठी मनाची तयारीही त्यातून होत असे. वाचकाला ज्या दिवशी ज्या गोष्टीची गरज आहे त्या दिवशी ती त्याला देणे, ही पत्राची दुसरी जमा.

त्या काळी घरटी एखाद्यालाच अक्षरओळख. मग एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे. अंक हातोहात फिरत जायचा. एका अंकाचे वाचक किती, हे वर्गणीदारांच्या यादीवरून कधीच कळले नसते. पण वर्गणी मात्र एकाचीच जमा होई, आणि छापखान्याचे बिल, कागदाचे पैसे, टपालखर्च हे सगळे त्या एका वर्गणीतूनच भागवायचे असे. ज्याने कधी कोणत्याही मंडळाचा हिशेब लिहिला असेल, त्याला यातली अडचण लगेच कळेल.

त्यावेळी बाबासाहेबांच्या मागे कामे किती होती? वकिली होती. १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे सभासदत्व होते. १९२८ च्या मार्चपर्यंत ते बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. कॉमर्स शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. या सगळ्यातून वेळ काढून ते पत्राचे रकानेच्या रकाने एकहाती लिहीत. लिहायला मदतनीस नेमावा तर पगाराला पैसे नाहीत. आणि ते स्वतः या कामाचे काही घेत नव्हते.

३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी एक लेख लिहिला. त्याचे नाव, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' लौकिक म्हणजे इथे लोकांचे, सार्वजनिक. पत्राला झालेले कर्ज हे संपादकाचे खासगी कर्ज आहे की ज्यांच्यासाठी पत्र चालते त्या लोकांचे आहे, हा त्यांचा सवाल. त्यांनी आपल्या कष्टांचा आणि पत्राच्या ओढग्रस्तीचा पाढा वाचकांपुढे उघड मांडला. लाज वाटून झाकून ठेवला नाही, आणि मोठेपणा मिरवण्यासाठी वाढवूनही सांगितला नाही. घरातला कर्ता माणूस महिनाअखेरीस बायकामुलांना बसवून पगार किती, खर्च किती हे सांगतो, तशी ती रीत होती.

आमच्या हिशेबी डोक्याला या लेखाच्या नावातला 'ऋण' हा शब्द फार मोलाचा वाटतो. बी.कॉम.च्या वर्गात एक साधी गोष्ट शिकवतात. वर्गणीदाराने वर्षाचे पैसे आगाऊ भरले, की ते पैसे पत्राचे उत्पन्न होत नाहीत. ते पत्राचे देणे असते. जसजसा एकेक अंक वाचकाच्या हातात पडतो, तसतसे ते देणे फिटत जाते. म्हणजे ज्या तरुणाने वर्षाची वर्गणी घेतली आणि तीन अंक काढून थांबला, त्याच्याकडे उरलेल्या अंकांचे ऋण राहिलेच. ते वहीत कोणी लिहो वा न लिहो, वाचकाच्या मनात लिहिलेले असते. पुढच्या वेळी दुसरा कोणी प्रामाणिक तरुण पावतीपुस्तक घेऊन येतो, तेव्हा वाचक हात आखडता घेतो. मागच्याचे बुडीत खाते पुढच्याला भरावे लागते.

आता खात्याची दुसरी बाजू. जो वाचक वर्षानुवर्षे अंक घेतो, वाचतो, शेजाऱ्याला देतो, आणि वर्गणीचे नाव काढले की "पुढच्या पगाराला देतो" म्हणतो, त्याच्याकडेही ऋण आहे. लग्नाच्या मांडवाला, बॅन्डला, डीजेला आपल्याकडे पैसे निघतात. पत्राच्या वर्गणीला निघत नाहीत, असे का? पत्र आपलेच आहे, घरचेच आहे, मग घरच्याला कसले पैसे, असे आपण मनाशी म्हणतो. पण घरचे म्हणून ज्याला उपाशी ठेवले, ते घर सोडूनच जाणार.

'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर बंद पडले. लिहिणारा कोण होता हे आपण जाणतो. तळमळ कमी होती असे म्हणायची कोणाची हिंमत आहे? बाबासाहेबांच्या लेखणीने चाललेले पत्रसुद्धा आर्थिक बळ नसेल तर बंद पडते, हा धडा आपण विसरू नये. तळमळीने पत्र जन्माला येते, पण पुढचे दूध वाचकांनी घालायचे असते.

यानंतर वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी, 'जनता' निघाले. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. हे पत्र पंचवीस वर्षे चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. 'जनता'मध्ये वेगळे काय होते? एक तर काम अनेकांच्या खांद्यावर वाटले गेले. देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, बापू चंद्रसेन कांबळे, यशवंतराव आंबेडकर अशा अनेकांनी वेळोवेळी संपादनाची धुरा वाहिली. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना त्यांनी तिकडून पाठवलेली पत्रे 'जनता'त छापून येत. त्यामुळे ते दूर गेले तरी वाचकाशी बोलणे तुटले नाही. 'मूकनायक'च्या वेळी जे झाले नाही, ते या वेळी झाले. दुसरे असे की गावोगावच्या सभा-परिषदांची वृत्ते पत्रात येत. आपल्या गावाचे नाव छापून आलेले पाहिले की तो अंक त्या गावाचा होतो. मग वर्गणी मागायला जावे लागत नाही.

हे फक्त आपल्याच चळवळीत घडले असे नाही. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. तिथून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे सत्यशोधक पत्र चालवले. १९१० साली ते सुरू झाले, आणि १९६७ साली मुकुंदरावांचे निधन होईपर्यंत चालू राहिले. ५७ वर्षे! खेड्यात राहून, शेतकऱ्यांच्या बोलीत, कुलकर्णी-सावकारांच्या लबाड्या ते उघड्या करीत. त्यांचे 'आसूडाचे फटके' हे सदर ठाऊक नाही असा सत्यशोधक विरळाच असेल. शहरातल्या पत्रांकडे होत्या त्या सोयी या खेड्यात नव्हत्या. मग टिकले कशावर? ज्या शेतकऱ्याबद्दल लिहायचे तो रोज समोरून जात होता. त्याच्या बांधावर काय चालले आहे हे विचारायला बातमीदार पाठवावा लागत नव्हता. लिहिणारा आणि वाचणारा एकाच पाणवठ्यावरचे असले की शब्द पोकळ राहत नाहीत.

आमच्या माताभगिनींसाठी आणखी एक उदाहरण सांगावेसे वाटते. १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात चौदा वर्षांच्या एका मुलीचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा. तिचे नाव मुक्ता साळवे, आणि ती पुण्याला जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. त्या काळातल्या कितीतरी विद्वानांचे लेख आज कोणी वाचत नाही, पण मुक्ताचा निबंध वाचला जातो. का? जी गोष्ट तिने आपल्या अंगावर सोसली आणि डोळ्यांनी पाहिली, तीच तिने लिहिली. आणि एका पत्राने तिला जागा दिली. जे पत्र वाचकाला फक्त वाचक म्हणून ठेवत नाही, त्याला लिहिते करते, त्याचे ऋण पिढ्या फेडत राहतात.

आता आजचे बोलू. छापखान्याशिवायही आज लिहिता येते. मोबाईलवर चार ओळी लिहिल्या की क्षणात शेकडो माणसांपर्यंत जातात. आपली मुलेमुली लिहितात, बोलतात, गाणी करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण किती जणांनी पाहिले याचा आकडा म्हणजे वाचक नव्हे. रस्त्यावर गर्दी दिसली म्हणून सगळे आपल्या घरी आलेले पाहुणे होत नाहीत. जो परत येतो, प्रश्न विचारतो, चूक दाखवतो, अंक आला नाही तर "काय झाले?" म्हणून चौकशी करतो, तो वाचक. असे पन्नास असले तरी पत्र उभे राहते.

आमच्या भागातल्या एका बुद्धविहारात दोन तरुणांनी भित्तिपत्रक सुरू केले. सुरुवातीला त्यावर जगभरच्या विषयांवर लांबलचक लेख असत. लोक वंदनेला येत आणि फलकाकडे न बघता जात. मग एका आजीबाईंनी त्यांना विचारले, "पोरांनो, रेशनकार्डात सुनेचं नाव कसं चढवायचं, ते लिहा की." मुलांनी चौकशी करून कोणते कागद लागतात, अर्ज कुठे द्यायचा हे मोठ्या अक्षरांत लिहिले. त्या रविवारी फलकापुढे बायकांचा घोळका होता. पुढे जातीच्या दाखल्याबद्दल, शिष्यवृत्तीच्या मुदतीबद्दल लिहिले. मग त्याच फलकावर एका कोपऱ्यात बाबासाहेबांच्या जीवनातला एकेक प्रसंग येऊ लागला, आणि आता तोही वाचला जातो. खाली एक खोके लावले आहे. त्यात लोक आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकतात, आणि पुढच्या रविवारी उत्तर मिळतेच. 'मिळतेच' या शब्दावर आमचा जोर आहे. एकदा ठरलेला वार चुकला की वाचकाची सवय मोडते, आणि मोडलेली सवय पुन्हा लागायला फार दिवस जातात.

तेव्हा जे तरुण लिहू पाहतात, पत्र काढू पाहतात, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. ज्या विषयावाचून तुम्हाला झोप येत नाही, तोच विषय घ्या. दुसऱ्याचे पाहून घेतलेला विषय तिसऱ्या अंकाला थकतो. जेवढे नेमाने जमेल तेवढेच कबूल करा. साप्ताहिक जमत नसेल तर मासिक काढा, पण तारीख चुकवू नका. वाचकाच्या पत्राला उत्तर द्या, रागाच्या पत्राला तर आधी द्या. वर्षाचा जमाखर्च अंकात छापा, मग तो तोट्याचा का असेना. आणि काम एकट्याने उरावर घेऊ नका. आपल्यामागे कोण चालवील, त्याला आजपासूनच शेजारी बसवा.

आणि वाचकहो, आपल्यालाही तितकेच आग्रहाने सांगतो. वर्गणी मागायला कोणी येण्याची वाट पाहू नका. पत्ता बदलला तर कळवा. लेख पटला तर चार ओळी लिहा, पटला नाही तर आठ लिहा. घरात मुलांकडून अंक मोठ्याने वाचून घ्या. एक वाचणारा आणि दहा ऐकणारे, ही आपल्या आजोबा-पणजोबांची रीत होती. ती टीव्हीच्या आवाजात हरवू देऊ नका. आज्जीला दिसत नसेल तर नातीने वाचावे. त्यात आज्जीला बातमी कळते, नातीचे वाचन सुधारते, आणि पत्राला आणखी दोन वाचक मिळतात.

३१ जानेवारी २०२० रोजी 'मूकनायक'ला शंभर वर्षे झाली. ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, ते व्हायलाच हवेत. पण १९२८ साली बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भाषणात द्यायचे नसते, ते पावतीपुस्तकावर द्यायचे असते. या रविवारी आपल्या घरी जे कोणते पत्र येते, त्याच्या वेष्टनावरची वर्गणीची मुदत एकदा पाहावी. संपली असेल तर सोमवारी पैसे पाठवून द्यावेत. आणि ज्या संपादकाला ते पैसे पोचतील, त्याने त्या रात्री वहीत ती रक्कम देण्याच्या बाजूला लिहून ठेवावी.

जयभीम.